मस्टँग उभी करण्याचा पहिला टप्पा: बडोद्यातील मकरपुऱ्याच्या एका शेडचे परीक्षण

मकरपुरा औद्योगिक वसाहतीच्या मागल्या अंगाला, लेथ आणि बोरिंगच्या लहान कारखान्यांच्या रांगेत, जुन्या मोटारी मुळापासून उभ्या करून देणारी एक शेड आहे. शेडवर फलक नाही, जाहिरात कोठेही नाही आणि मालकांच्या इच्छेखातर तिचे नाव येथेही देत नाही. एका वेळी दोन-तीन गाड्यांपेक्षा अधिक काम ते घेत नाहीत आणि नुसत्या उत्सुकतेपोटी येणाऱ्यांची सरबराई करण्यात दिवस जातो, अशी त्यांची तक्रार आहे. आमच्या कुटुंबातील १९६७ सालची फोर्ड मस्टँग सध्या तेथे आहे. पाहणी, नोंदी, गाडी सुटी करणे आणि पुढील खर्चाचा अंदाज हा पहिला टप्पा पूर्ण झाला असून एवढ्याच टप्प्याविषयी हे परीक्षण आहे. रंग, आसने आणि इंजिनाची अंतिम जुळणी यांवर मत देण्याची वेळ अजून यायची आहे. तरीही पहिल्या टप्प्याचा स्वतंत्र विचार करावासा वाटला, कारण अर्ध्यावर सोडून दिलेल्या ज्या जुन्या गाड्या आपण गुजरातेत आणि मुंबईत पाहतो, त्यांतील बहुतेकांचे दुखणे सुरुवातीच्या घाईत असते.

गाडी माझ्या आतेभावाची. आतोबांनी ती १९७० च्या दशकात दिल्लीहून आणली; त्या काळी परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीमार्फत विकल्या जात आणि भारतातील बऱ्याच अमेरिकन गाड्या त्याच वाटेने खासगी हातांत आल्या. पुढे ती राजमहाल रस्त्याजवळच्या घरात झाकून पडली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा ती दरवाजांच्या खालच्या कडेपर्यंत भिजली, आणि आता एकतर विकायची किंवा दुरुस्त करायची हा निर्णय टाळता येईना. आतेभावाने दुरुस्तीचा पक्ष घेतला आणि मी अनेक वर्षे कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम केलेले असल्यामुळे कागदपत्रे आणि देखरेख माझ्याकडे आली.

आतेभावाला ‘मसल कार’ हवी होती आणि शेडच्या मालकांनी पहिल्याच भेटीत त्याचा थोडा विरस केला, हे मला आवडले. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन. १९६४ मध्ये पाँटियाक या अमेरिकन कंपनीने आपल्या टेंपेस्ट गाडीमध्ये ३८९ घनइंचाचे व्ही-८ इंजिन बसवून जीटीओ काढली, तेथून या प्रकाराची सुरुवात धरली जाते. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आलेली मस्टँग ही त्या जातीची धाकटी बहीण. १९६७ साली तिचे नाक रुंद करून ३९० घनइंचाचे इंजिन बसेल अशी सोय केल्यावर ती मोठ्या बहिणींच्या पंगतीत बसू लागली. आमच्या गाडीत मात्र २८९ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ४.७ लिटरचे, दोन बॅरलच्या कार्बोरेटरचे इंजिन आहे. कंपनी त्याची ताकद २०० अश्वशक्ती सांगे. पण ती १९७२ पूर्वीच्या पद्धतीने, पंखा, एअर फिल्टर आणि नेहमीचा सायलेन्सर न लावता मोजलेली. आतेभावाने लगेच मोठ्या इंजिनाचा विषय काढला. मालकांनी बॉनेट उघडून इंजिनाची जागा अडवणारे दोन्ही बाजूंचे शॉक टॉवर, म्हणजे पुढच्या स्प्रिंगांची पत्र्याची घरे, दाखवले, मोठ्या इंजिनाबरोबर पुढच्या स्प्रिंगा, ब्रेक, रेडिएटर आणि मागचा आस हे सारे कसे बदलावे लागेल ते सांगितले, आणि तसे करायचे असल्यास दुसरे गॅरेज पाहा, असे अत्यंत सौजन्याने सुचवले. ग्राहक हातचा जाईल या भीतीने होकार देणारे गॅरेजवाले मी पुष्कळ पाहिले आहेत.

पहिला प्रकल्प म्हणून मस्टँगची निवड योग्य असल्याचे त्यांचे मत होते आणि त्यामागील कारण पूर्णपणे व्यावहारिक आहे. १९६७ या एका वर्षी ४,७२,००० हून अधिक मस्टँग तयार झाल्या. त्यामुळे तळाच्या पत्र्यापासून खिडकीच्या रबरापर्यंत जवळजवळ प्रत्येक भाग अमेरिकेत आजही नवा बनतो. काही नमुन्यांचे तर संपूर्ण सांगाडेही मिळतात. याउलट फोर्डच्याच मर्क्युरी नावाने विकल्या गेलेल्या एखाद्या गाडीच्या डिकीवरील अक्षरांसाठी सुद्धा वाट पाहत बसावे लागते. मुंबईच्या चोर बाजारात अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग अधूनमधून मिळतात, पण त्यांच्या भरवशावर प्रकल्प आखता येत नाही.

पाहणीचे शुल्क १५,००० रुपये आहे आणि पुढचे काम त्यांना दिले तरी ते वळते करून घेतले जात नाही. ही अट प्रथम खटकते. परंतु पाहणीचा लेखी अहवाल आपल्या मालकीचा राहतो आणि तो घेऊन आपण कोणत्याही गॅरेजमध्ये जाऊ शकतो, म्हणजे काम मिळवण्यासाठी गंज लपवण्याचा मोह येथे उरत नाही. पाहणीपूर्वी त्यांनी आम्हांला एक गोष्ट करायला सांगितली: अमेरिकेतील मार्टी ऑटो वर्क्सकडून गाडीच्या जन्माचा अहवाल मागवणे. फोर्डच्या उत्पादनाच्या १९६७ पासूनच्या नोंदी या संस्थेकडे आहेत. कारखान्याने गाडीवर ठोकलेला क्रमांक दिला की गाडी तेथून कोणत्या रंगात, कोणत्या गिअरबॉक्ससह आणि कोणत्या जादा सोयींसह निघाली ते कळते. आमच्या गाडीच्या क्रमांकातील ७ हा आकडा वर्षाचा, ‘आर’ हे अक्षर कॅलिफोर्नियातील सॅन होजे कारखान्याचे, ०१ हार्डटॉपचे, म्हणजे पक्क्या छताच्या दोन दारी देहाचे, आणि ‘सी’ हे दोन बॅरलच्या २८९ इंजिनाचे. आज लाल असलेली गाडी मूळची अकापुल्को ब्लू होती, हे दरवाजाच्या पट्टीवरील ‘डी’ या अक्षरावरून मालकांनी आधीच सांगितले होते. अहवालाने त्याला दुजोरा दिला आणि पुढे डॅशबोर्ड निघाला तेव्हा त्यामागचा पत्रा तसाच निळा दिसला.

इंजिन मूळचेच आहे का, या प्रश्नावर शेडने दाखवलेली काटेकोर वृत्ती विशेष नोंदवण्यासारखी आहे. फोर्डने साध्या इंजिनांवर गाडीचा क्रमांक ठोकायला १९६८ पासून सुरुवात केली. १९६७ च्या गाडीत, केवळ उच्च क्षमतेचे ‘के’ इंजिन वगळता, तो सापडत नाही. म्हणून येथे ओतकामाच्या तारखेवरून अनुमान करावे लागते. इंजिनाच्या ठोकळ्यावर वर्षाचा आकडा, महिन्याचे अक्षर आणि दिवस अशी खूण ओतलेली असते आणि ती गाडीच्या जुळणीच्या तारखेच्या काही आठवडे आधीची असावी लागते. स्टार्टर मोटर काढून, तारेच्या ब्रशने तेलाची खपली खरवडून, त्यांनी ती खूण वाचली, छायाचित्र घेतले आणि अहवालात ‘मूळ इंजिन असण्याची शक्यता मोठी, पुरावा निर्णायक नाही’ असे लिहिले. खरेदी-विक्रीच्या बाजारात ‘मॅचिंग नंबर’ (म्हणजे मूळचेच इंजिन असलेली गाडी) हा शब्द ज्या सैलपणे वापरला जातो, तो पाहता हे वाक्य वाचून समाधान वाटले.

आता गंजाविषयी. मस्टँगच्या पहिल्या पिढीचे सर्वांत वाईट दुखणे बाहेरून दिसत नाही. पुढच्या काचेच्या खाली, बॉनेट आणि काच यांच्यामध्ये, हवा आत घेणारी जाळी असते. तिच्याखाली दोन पत्र्यांची बंद पेटी असते, तिला काउल म्हणतात. पावसाचे पाणी या पेटीत पडून दोन्ही टोकांच्या छिद्रांतून खाली जावे अशी रचना आहे. पेटीच्या आत हवेच्या वाटेभोवती उंच गोल कडे असते, जेणेकरून पाणी केबिनमध्ये येऊ नये. पण पेटीचा आतला भाग कारखान्यात नीट रंगवलेलाच नसे. जाळीतून पडलेली पाने तळाशी कुजतात, ओल धरून ठेवतात, आणि ते गोल कडे बुडापासून गंजते. मग प्रत्येक पावसाचे पाणी चालकाच्या किंवा शेजाऱ्याच्या पायाशी, गालिच्याखाली, निवांत मुरत राहते आणि तळाचा पत्रा वरून खाली सडत जातो. लोक तळाचा पत्रा बदलतात, रंग देतात, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

शेडमधील वयस्कर पत्रा-मिस्त्री, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी गाडीचे बाकी काहीही पाहण्याआधी ही परीक्षा केली. “आधी पाणी घालून बघू, साहेब. गालिचा-बिलिचा नंतर,” एवढेच ते म्हणाले. डॅशबोर्डखाली दोन्ही बाजूंना त्यांनी गुजराती वर्तमानपत्राचे कागद पसरले, एका पोऱ्याला हातबॅटरी घेऊन आत आडवे झोपवले आणि तांब्याने जाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे थोडे थोडे पाणी ओतत गेले. डाव्या बाजूचा कागद बराच वेळ कोरडा राहिला. उजव्या बाजूला, हीटरच्या वर, पाणी पडू लागले ते गंजाच्या रंगाचे. सोबत कडुनिंबाच्या काड्यांचा काळा चुरा. काकांनी ओतणे थांबवले, कोठून किती गळते ते खडूने काउलच्या वरच्या पत्र्यावर आखले आणि मगच गालिच्याला हात लावला. त्याखाली उजव्या बाजूला पाय ठेवण्याच्या जागी तळहाताएवढे भोक होते आणि त्यावर कोणीतरी जुन्या काळी डांबर आणि गोणपाट चिकटवून ठेवले होते. हे काम नीट करायचे तर वरचा पत्रा धरून ठेवणारे स्पॉट वेल्डिंगचे सारे ठिपके एकेक करून ड्रिलने मोकळे करावे लागतात, पेटी उघडावी लागते, आतून दुरुस्त करून इपॉक्सी प्रायमर लावावा लागतो आणि मग ती पुन्हा बंद करावी लागते. बाहेरून सिलंट भरून भागवण्याचा पर्याय त्यांनी अहवालात लिहिलाच नाही.

पुराचा परिणाम मात्र आम्हांला वाटत होता तेथे नव्हता. बाहेरून गाडी धुऊन स्वच्छ दिसत होती. पण पुढच्या सांगाड्याला मधल्या भागाशी जोडणारी जी बंद पेटी असते, ज्याला टॉर्क बॉक्स म्हणतात, तिच्यात आणि दरवाजांखालच्या रॉकरमध्ये विश्वामित्रीचा गाळ घट्ट बसला होता. लवचिक नळीच्या कॅमेऱ्याने हे आतले चित्र दाखवले गेले. वरच्या बाजूला चुंबक आणि रंगाची जाडी मोजणारे उपकरण फिरवल्यावर मागच्या चाकांच्या मागे पुट्टीचा जाड थर निघाला. कारखान्याच्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. तेथे उपकरण आपल्या मर्यादेबाहेर गेले. आतोबांच्या हयातीत कोणीतरी पत्रा न बदलताच तो कोपरा ‘घडवला’ होता.

सुटे करण्याचे काम ७०,००० रुपयांत ठरले. यात शेडची खरी ताकद दिसते. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र, काढल्यावर पिशवी, पिशवीवर गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांत चिठ्ठी, आणि ज्या ठिकाणी एकाच भागाला वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात तेथे पुठ्ठ्यावर त्या भागाची आकृती काढून तिच्यात जागच्या जागी खोचलेले बोल्ट. गाडीतील आटे सगळे इंची आहेत. अर्धा इंच आणि १३ मिलिमीटर, किंवा ९/१६ इंच आणि १४ मिलिमीटर, हे पाने हाताला जवळजवळ सारखे लागतात आणि तेवढ्या फरकाने गंजलेल्या बोल्टचे डोके गोल होते. म्हणून मस्टँगच्या आसपास मेट्रिक पान्यांची पेटी आणायलाच शेडमध्ये बंदी होती. ब्रेकचे ड्रम उघडताना हवेचा झोत न वापरता ओल्या फडक्याने धूळ टिपली गेली, कारण त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. पुढची स्प्रिंग या गाडीत चाक धरणाऱ्या वरच्या दांड्यावर, म्हणजे आर्मवर, बसते आणि दाबलेल्या अवस्थेत ती निसटली तर माणूस जायबंदी होतो. तिच्यासाठी आतून पकडणारा योग्य कॉम्प्रेसर येईपर्यंत त्यांनी तो भाग तसाच ठेवला. जुगाडाला हात न लावण्याचा हा संयम आपल्याकडे दुर्मिळ आहे.

पत्रा कापण्यापूर्वी केलेली तयारीही सांगितली पाहिजे. शेव्हरोले इंपालासारख्या गाडीला खाली स्वतंत्र चासी, म्हणजे पोलादी चौकट, असते. मस्टँगला ती नाही, तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे. गंजलेला तळ आणि रॉकर कापून काढले की उरलेला देह मधून वाकतो, आणि तसाच वेल्ड केला तर दरवाजे पुन्हा कधी नीट लागत नाहीत. म्हणून दरवाजे जागेवर असतानाच त्यांच्या फटी मोजल्या, दोन शॉक टॉवरमधील अंतर आणि तळाचे कर्ण मोजले, मग दोन्ही दरवाजांच्या चौकटींत चौकोनी पाइप आडवे-तिरपे वेल्ड केले आणि त्यानंतरच दरवाजे काढले. ही सर्व मापे अहवालाच्या शेवटच्या पानांवर आहेत. पुढे दुसऱ्या कोणी काम पूर्ण केले, तरी त्याला कोठे पोहोचायचे ते आकड्यांत ठाऊक असेल.

इंजिनाच्या बाबतीत त्यांनी अजून फारसे केलेले नाही आणि तेच बरोबर आहे. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडले, काही दिवस मुरू दिले आणि मोठ्या पान्याने क्रँक हाताने फिरवून पाहिली. इंजिन जाम नाही एवढे कळले. बोरचे, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीचे, माप घेतल्याशिवाय पिस्टन मागवायचे नाहीत, हे त्यांनी आतेभावाला दोनदा बजावले, कारण इंटरनेटवर स्वस्तात दिसलेला संच तो घेऊनच टाकणार होता. व्हॉल्व्हच्या बैठका मात्र बदलाव्या लागतील. या इंजिनाची घडण शिसेयुक्त पेट्रोलसाठी होती आणि ते पेट्रोल भारतात २००० सालापासून बंद आहे. त्याहून तातडीचा प्रश्न आजच्या पेट्रोलचा: त्यातील २० टक्के इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, कॉर्कची गॅस्केटे आणि पंपाचा पडदा खाते व हवेतील ओल ओढून टाकीला गंज लावते. टाकीचा वरचा पत्रा हाच या गाडीत डिकीचा तळ असल्याने गळकी टाकी ही केवळ वासाची बाब राहत नाही. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या पहिल्याच यादीत आल्या.

तक्रारींकडे वळतो. मागच्या काचेभोवती स्टेनलेस स्टीलची चकचकीत पट्टी असते. ती लपलेल्या क्लिपांवर बसते आणि आकड्यासारख्या चपट्या अवजाराने क्लिप सरकवून काढावी लागते. ते अवजार शेडमध्ये होते. तरीही काका जेवायला गेलेले असताना एका मुलाने पेचकस घालून पट्टी उचकटली आणि वरच्या वळणावर तिला चांगलीच घडी पडली. मालकांनी ती आपण होऊन दाखवली, पॉलिशवाल्याकडून स्वखर्चाने सरळ करून आणली, आणि दोन हातांवरून पाहिले तर आता दिसत नाही. जवळून, तिरप्या उजेडात, अजून दिसते. इतक्या सुंदर नोंदी ठेवणाऱ्या ठिकाणी नवशिक्या मुलांवर कोणाचे लक्ष असावे याची व्यवस्था नाही, हा दोष मी गंभीर मानतो.

वायरिंगमध्ये त्यांचा जीव नाही. मूळ वायरिंगला प्रत्येक तारेचा ठरलेला रंग असतो आणि त्याच रंगांत नवी वायरिंगही मिळते. पण शेडचा कल ‘आपल्या माणसाकडून’ सगळे नव्याने ओढून घेण्याकडे आहे, तेही हाती येतील त्या रंगांच्या तारांनी. असे केल्यास पुढे दोष शोधताना छापील आराखड्याचा उपयोग शून्य होतो. आम्ही ते काम वगळून घेतले आणि त्यांनी वाद घातला नाही. गादीकामाबद्दलही त्यांची शिफारस मला पटली नाही.

हिशेबाची तऱ्हा तर तांत्रिक नोंदींच्या अगदी उलट. ठरलेल्या दोन रकमांपलीकडे ‘किरकोळ’ या एका शब्दाखाली १२,००० रुपये लावले गेले. विचारल्यावर तपशील मिळाला आणि तो रास्तही होता, परंतु विचारावे लागले. जीएसटीचे बिल मागितल्याशिवाय निघत नाही. फोन उचलला जात नाही आणि ‘पुढच्या आठवड्यात’ याचा अर्थ बडोद्यात जो सर्वत्र होतो तोच येथेही होतो.

कागदपत्रांच्या बाबतीत शेडचे मार्गदर्शन चांगले आहे, यद्यपि आरटीओचे काम ते स्वतः करत नाहीत. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. मात्र चासी, देह आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला असेल तर गाडी या व्याख्येत बसत नाही, आणि नोंदणीनंतर ती प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. मोठ्या इंजिनाचा विषय आतेभावाने कायमचा सोडला तो हा नियम वाचून. शॉक टॉवरचा युक्तिवाद त्याला तितकासा पटलेला नव्हता. सुकाणू डावीकडे असलेल्या गाडीला चालू स्थितीतील इशारादर्शक यंत्रणा असणे मोटार वाहन कायद्याच्या १२० व्या कलमानुसार बंधनकारक आहे, हेही त्यांनी अहवालात नोंदले आहे. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात ‘ट्वेंटी वन गन सॅल्यूट’ हा जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा झाल्यापासून शहरात या नियमांविषयी चौकशी करणारे वाढले आहेत, असे मालक सांगतात.

खर्चाचा अंदाज त्यांनी एका रकमेत दिला नाही. पत्रा, इंजिन, ब्रेक व सस्पेन्शन, रंग असे टप्पे पाडून प्रत्येकाची किमान आणि कमाल रक्कम दिली आहे, आणि पत्र्याच्या कामात ही दोन टोके एकमेकांपासून बरीच लांब आहेत. काउल उघडल्याशिवाय ती जवळ आणता येणार नाहीत, असे शेजारी लिहिले आहे. आतेभावाला हा अंदाज गुळमुळीत वाटला. मला तो या शेडने दिलेला सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो. अमेरिकेतून येणाऱ्या भागांवरील जकात आणि वाहतूक यांत धरलेली नाही आणि जड पत्र्यांच्या बाबतीत ती भागाच्या किमतीशी बरोबरी करू शकते, हे ध्यानात ठेवावे.

एकूण पाचपैकी चार गुण मी देईन; एक गुण हिशेबाचा आणि त्या पट्टीचा मिळून कापला आहे. ज्यांना सहा महिन्यांत चकचकीत गाडी दारात हवी आहे, त्यांनी येथे जाऊ नये. ज्यांच्याकडे चालू स्थितीतील गाडी आहे आणि केवळ रंग द्यायचा आहे, त्यांनाही या शेडचा उपयोग नाही. पण वडिलांची किंवा आजोबांची गाडी वर्षानुवर्षे उभी आहे आणि तिच्यात हात घालावा की नाही याचाच निर्णय होत नाही, अशांनी निदान पाहणी तरी करून घ्यावी. अहवाल वाचून गाडी विकण्याचा निर्णय घेतला तरी १५,००० रुपये वाया गेले असे म्हणता येणार नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. नव्या गाड्या ते दिवाळीनंतर घेतात, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो आणि सँडब्लास्टिंगनंतर त्याच दिवशी प्रायमर मारण्याची त्यांची पद्धत आहे. बॉनेट, छत आणि दरवाजे यांच्या सपाट पत्र्याला तर ते सँडब्लास्टिंग करूच देत नाहीत, वाळूच्या माऱ्याने तो पत्रा लाटांसारखा वळतो. आणि गाडी आणताना ती सपाट ट्रकवर चढवूनच आणावी. आमच्या मस्टँगसारखा स्वयंचलित गिअरबॉक्स असेल तर इंजिन बंद असताना आतला तेलाचा पंप फिरत नाही आणि मागची चाके जमिनीवर ठेवून ओढत आणलेल्या गाडीचा गिअरबॉक्स कोरडा घासला जातो; अशी ओढून आणलेली गाडी मालक फाटकावरूनच परत पाठवतात.